कार्ड पोस्टाने पाठवायचंय? घरातला पुठ्ठा रद्दीत देऊ नका

नमस्कार मंडळी! टेबलावर बघा: ऑनलाइन ऑर्डरचा रिकामा खोका, एक जुनी लग्नपत्रिका आणि मागच्या कार्डांच्या अदलाबदलीत माझ्याकडे आलेला टॉपलोडर, म्हणजे कार्ड वरून सरकवायचं कडक, पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर. एवढ्यात आज आपण हे पोकेमॉनचं कार्ड पुण्याहून नागपूरला पाठवणार आहोत. नवी वस्तू एकच, ही पातळ पेनी स्लीव्ह, म्हणजे कार्डाची मऊ प्लास्टिकची पिशवी.

स्लीव्ह नवीच का? कार्डाला थेट तीच लागते. वापरलेल्या स्लीव्हमध्ये धुळीचे कण राहतात, आणि त्यांनी होलो, म्हणजे चमकत्या कार्डावर ओढलेली रेघ कार्ड उजेडात तिरकं धरलं की लगेच दिसते. तिथे बचत नको. तिच्या बाहेरचं बाकी सगळं मात्र जुनं चालतं.

टॉपलोडर कितीही वेळा वापरा, फक्त आधी तोंडापाशी बोट फिरवून बघा. जुन्या टेपचा गोंद लागतोय? तो खोडरबराने घासून काढा, नाहीतर समोरचा माणूस कार्ड ओढेल तेव्हा स्लीव्ह तिथेच चिकटेल. बाहेरून ओरखडे असले तर असू देत. कडेला तडा गेलेला मात्र बाद.

आता पुठ्ठा. इथे जरा थांबूया, कारण बरीच कार्डं इथेच वाकतात. (पुठ्ठा कॅमेऱ्याजवळ) ही कड बघा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद आहे आणि त्याच्या नळ्या एकाच दिशेने जातात. नळ्यांच्या रेषेत दाबला की हा पुठ्ठा पटकन दुमडतो. आता आडवा धरून वाकवतो... बघा, किती जोर लागतोय! म्हणून दोन तुकडे कापताना एकाच्या नळ्या उभ्या ठेवा, दुसऱ्याच्या आडव्या. मध्ये टॉपलोडर. मग पाकीट कुठूनही दाबलं गेलं तरी एक तुकडा तग धरतो. कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, टॉपलोडर त्याहून थोडा मोठा, आणि पुठ्ठा त्याच्याही चारी बाजूंनी बोटभर बाहेर हवा. कोपऱ्यांना लागणारा मार तो बोटभर पुठ्ठा खातो. खोक्याची आधीच दुमडलेली घडी किंवा भिजून मऊ झालेला भाग घेऊ नका.

पुठ्ठा कमी पडला तर लग्नपत्रिकेचा जाड कागद दुहेरी करून घ्या. चमकी लावलेली पत्रिका नको, ती सगळीकडे सांडते. गणपतीचं चित्र कापायला मन होत नसेल तर मागचं पान घ्या, मीही तेच करतो.

बांधायला मास्किंग टेप. टोक थोडं दुमडून ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला कात्री लागणार नाही. रबर बँड अजिबात नको, कडा दबतात.

पावसाळ्यात याआधी एक काम: टॉपलोडर झिपच्या पिशवीत घाला. फॉइल कार्डात कागद ओलावा शोषतो, वरचा फॉइलचा थर शोषत नाही, म्हणून कार्ड कमानीसारखं वळतं. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी त्यात टाकू का, असं बरेच जण विचारतात. महिनोन् महिने उघड्यावर पडलेल्या पुडीने आधीच ओलावा पिऊन घेतलेला असतो, तिचा काही उपयोग नाही.

हे सगळं इतकं समजावून सांगतोय, कारण शाळेतली मुलं पॉकेटमनी साठवून कार्डं घेतात. त्यांचे पैसे पॅकिंगवर जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून पुठ्ठ्यावर आतून लिहा: ‘टॉपलोडर पुढच्या अदलाबदलीत वापरा.’

पाकीटही जुनंच असेल तर आधीचा पत्ता आणि बारकोड पूर्ण झाका. काळी रेघ मारून भागत नाही, वर कोरा कागद चिकटवा. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच सामावलंय, आणि स्पीड पोस्टाचं पाकीट वाटेत बारकोडवरूनच नोंदलं जातं. एका पाकिटावर एकच बारकोड दिसला पाहिजे, आज काउंटरवर मिळेल तो.