शून्याचा एक बाइट: सी मध्ये छोटा प्रिंट स्पूलर लिहिताना

आज आपण सी मध्ये एक छोटासा नेटवर्क प्रिंट स्पूलर डेमन, म्हणजे छापायची कामं घेऊन ठेवणारा, पडद्यामागे कायम चालू असणारा प्रोग्रॅम, कसा लिहायचा ते बघणार आहोत. छोटा म्हणजे खरंच छोटा, हजारेक ओळींच्या आत बसणारा. प्रिंट स्पूलर म्हटलं की बहुतेकांना वाटतं यात काय आहे, सॉकेट उघडा, फाइल घ्या, प्रिंटरला ढकला, झालं. तेवढंच असतं तर मी तुमचा शनिवार घेतला नसता. गिरणीत आपण डबा ठेवून घरी येतो, तिथे उभे राहत नाही, कारण गिरणीवाल्याने डबा ठेवून घेतला म्हणजे दळण होणार हे आपण धरूनच चालतो. स्पूलरचं काम नेमकं हे आहे. क्लायंटला "मिळालं, तू जा" म्हणायचं आणि मग ते काम वीज गेली, डेमन मेला, प्रिंटर रुसला तरी तडीस न्यायचं. हे "मिळालं" कधी म्हणायचं, या एका प्रश्नावर आजचं सगळं बोलणं आहे.

प्रोटोकॉल आपण जुनाच घेऊ, एलपीडी, म्हणजे लाइन प्रिंटर डेमन. बीएसडी युनिक्समधून आलेला, आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या दस्तऐवजात ऑगस्ट १९९० ला लिहून ठेवलेला, टीसीपी पोर्ट ५१५. आता कुणी म्हणेल आजच्या काळात आयपीपी, म्हणजे छपाईचा नवा प्रोटोकॉल, सोडून हे कशाला, तर बरोबर आहे, ऑफिसात खऱ्या कामाला कप्स हा तयार स्पूलरच वापरा, ते आयपीपी बोलतं, पोर्ट ६३१ वर. पण आयपीपी म्हणजे आधी एचटीटीपी, मग त्याच्या आत बायनरी अ‍ॅट्रिब्यूट, आणि शिकताना सगळा वेळ पार्सिंगमध्ये, म्हणजे आलेल्या बाइटांचा अर्थ लावण्यातच जातो. एलपीडीत पार्सिंग अर्ध्या तासात संपतं आणि खऱ्या प्रश्नाशी आपण लगेच येतो.

वायरवर काय जातं ते अगदी बाइट-बाइट बघा. क्लायंट कनेक्ट झाला की पहिला बाइट २ पाठवतो, म्हणजे "जॉब देतोय", त्याला लागून क्यूचं, म्हणजे जॉबच्या रांगेचं, नाव, शेवटी न्यूलाइन. आपण उत्तर म्हणून एकच बाइट पाठवायचा, शून्य. शून्य म्हणजे होकार, शून्य सोडून काहीही म्हणजे नकार. मग सब-कमांड येतात: २ म्हणजे कंट्रोल फाइल, ३ म्हणजे डेटा फाइल, दोन्हींच्या मागे साइज, स्पेस, फाइलचं नाव, न्यूलाइन. आपण शून्य, मग तो तेवढे बाइट ओततो, शेवटी त्याच्याकडून एक शून्य, आणि मग आपलं शेवटचं शून्य. कंट्रोल फाइल म्हणजे साधा टेक्स्ट, प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर सांगतं ती कशाची: एच होस्ट, पी युजर, जे जॉबचं नाव. संपला प्रोटोकॉल. हां, दोन गोष्टी लक्षात ठेवा. कंट्रोल फाइल आधी येईल की डेटा फाइल आधी हे धरून चालू नका, दोन्ही प्रकारचे क्लायंट आहेत. आणि डेटा फाइलचा साइज शून्य आला तर फाइल रिकामी नाहीये, क्लायंटला साइज माहीत नाहीये, तेव्हा कनेक्शन बंद होईपर्यंत वाचत राहायचं.

रीडने मागितले तेवढे बाइट दिले असं कधीही समजू नका, हे सॉकेट प्रोग्रामिंगचं पहिलं पान आहे तरी सांगते. ४०९६ मागितले, १४६० आले, हे रोजचं आहे. लूप लावा, ईआयएनटीआर (कॉल मध्येच तुटल्याची एरर) आला तर परत वाचा, आणि सिगपाइप (बंद कनेक्शनवर लिहिलं की येणारा सिग्नल) सुरुवातीलाच इग्नोर करून टाका नाहीतर समोरच्याने मध्येच फोन ठेवला की अख्खा डेमन जातो.

आता त्या शेवटच्या शून्याकडे येऊ, कारण तोच आपला शब्द आहे. तो कधी पाठवायचा? राइट कॉल यशस्वी झाला म्हणून? नाही, कारण राइट झालं म्हणजे डेटा कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, गेला, डिस्कवर गेलाच असं नाही, आणि आपल्याकडे लाइट जायला निमित्त लागत नाही. म्हणून क्रम असा: स्पूल डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने फाइल उघडा, सगळे बाइट लिहा, एफसिंक (डेटा डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल) करा आणि त्याची रिटर्न व्हॅल्यू तपासा, मग रिनेम करून खरं नाव द्या, आणि मग डिरेक्टरी उघडून तिच्यावरही एफसिंक करा, कारण फाइलमधला मजकूर आणि डिरेक्टरीतली तिच्या नावाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सगळं पार पडलं की मगच शून्य. मध्ये कुठेही डिस्क फुल, आयओ एरर, काहीही आलं तर शून्य नाही, दुसरा कुठलाही बाइट पाठवा, क्लायंट परत प्रयत्न करेल, आणि तेच प्रामाणिक आहे. रिनेम ही गोष्ट मला फार आवडते, कारण फाइलसिस्टीम तुम्हाला सांगते की दुसऱ्या प्रोसेसला एकतर जुनं दिसेल नाहीतर नवं, अर्धवट असं काही दिसणार नाही. जुन्या बीएसडी एलपीडीतही हीच कल्पना होती, कंट्रोल फाइल आधी टीएफ नावाने उतरवायची आणि पूर्ण आली की तिला सीएफ नाव द्यायचं, म्हणजे छापणाऱ्याला ती तेव्हाच दिसणार.

याचा एक मोठा फायदा होतो. क्यू मेमरीत ठेवायची गरजच राहत नाही. स्पूल डिरेक्टरी हीच क्यू. डेमन सुरू झाला की डिरेक्टरी वाचायची, तात्पुरत्या नावाच्या फाइली काढून टाकायच्या कारण त्यांच्यासाठी आपण कुणाला शब्द दिलेला नाही, बाकीच्या नंबराप्रमाणे लावायच्या, आणि काम चालू. रिकव्हरीचा वेगळा कोड नाही. फक्त नंबर आपला स्वतःचा द्या. क्लायंटचा जॉब नंबर तीनच आकडी असतो, ९९९ नंतर परत शून्यावर, त्यामुळे एकाच मशीनचे दोन जॉबसुद्धा आपटू शकतात.

आणि फाइलचं नावही क्लायंटने पाठवलेलं वापरू नका, अजिबात नाही. त्याने टिंब टिंब स्लॅश टाकून काहीतरी पाठवलं तर तुम्ही स्पूलच्या बाहेर लिहून बसाल. हे उगाच घाबरवणं नाहीये. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं प्रिंटनाइटमेअर नावाचं भगदाड आठवा, ती सर्व्हिस सिस्टीमच्या हक्कांनी चालायची, त्यामुळे तिच्यात घुसला तो मशीनचा मालक. २०१० च्या स्टक्सनेट वर्मने पसरायला वापरलेल्या वाटांपैकी एक वाट प्रिंट स्पूलरचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या, प्रिंटर शोधणाऱ्या कप्स-ब्राउज्डची पाळी आली. स्पूलर सगळीकडे असतो, कायम चालू असतो, नेटवर्कवरून अनोळखी बाइट घेतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

म्हणून माझी रचना दोन प्रोसेसची आहे, थ्रेड नाहीत. एक घेणारी, एक छापणारी, आणि दोघींमध्ये फक्त ती डिरेक्टरी. घेणारीला प्रिंटरचा पत्ता माहीत असायची गरज नाही, छापणारीला ५१५ पोर्ट लागत नाही. ५१५ हे १०२४ च्या खालचं, म्हणजे बाइंड करायला रूट लागतो, पण बाइंड झालं रे झालं की हक्क सोडायचे: आधी सेटग्रुप्स, मग सेटजीआयडी, शेवटी सेटयूआयडी. क्रम उलटा केलात तर सेटयूआयडी नंतर ग्रुप बदलायचा अधिकारच उरत नाही. तिन्हींची रिटर्न व्हॅल्यू तपासा, फेल झालं तर सरळ एक्झिट. फोर्क, सेटसिड वगैरे डेमन बनवण्याचे जुने सोपस्कार सिस्टीमडी (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर करूच नका, फोरग्राउंडला चालू द्या. आरएफसीत असंही आहे की क्लायंटने ७२१ ते ७३१ या पोर्टांवरूनच यावं, ते मी तपासत नाही. त्यातून सुरक्षा काही मिळत नाही, आणि अकराच पोर्ट असल्यामुळे भराभर जॉब पाठवणारा क्लायंट टाइम-वेटमध्ये (बंद केलेलं कनेक्शन काही काळ पोर्ट अडवून ठेवतं त्यात) अडकून बसतो.

मध्येच आपल्या भाषेपुरतं एक. आरएफसीने जॉबच्या नावाला ९९ बाइटची मर्यादा घातली आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, काना-वेलांटी आणि हलन्त सकट. "वार्षिक स्नेहसंमेलन निमंत्रण पत्रिका" हे काही फार लांब नाव नाही, पण मोजा, ३३ चिन्हं, तीन स्पेस, १०२ बाइट. ९९ वर कापलंत की शेवटचा काना उडतो आणि "पत्रिक" उरतं. एक स्पेस जास्त असती तर काप "क" च्या पोटातून गेला असता आणि क्यूच्या यादीत चौकोन दिसला असता. म्हणून येताना लांब आलेलं नाव नाकारू नका, आणि दाखवताना कापायचंच असेल तर मागे सरकत सरकत चिन्हाच्या सुरुवातीपर्यंत या. दोन वरचे बिट १० असलेला बाइट म्हणजे मधला बाइट, एवढं तपासलं की पुरतं. जॉबमधल्या डेटाला मात्र हात लावू नका, तो पीडीएफ असो, पोस्टस्क्रिप्ट असो, स्पूलरसाठी ते नुसते बाइट. जोडाक्षरं कशी जुळवायची हे पाठवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

आता छापणारी बाजू. बहुतेक नेटवर्क प्रिंटर पोर्ट ९१०० वर कच्चे बाइट घेतात, ना कमांड ना होकाराचं उत्तर. कनेक्ट करा, लिहा, संपलं की शटडाउनने फक्त लिहायची बाजू बंद करा, आणि मग समोरून कनेक्शन बंद होईपर्यंत वाचत राहा. सरळ क्लोज करू नका, कारण प्रिंटरने काही स्टेटस पाठवलेलं असेल आणि तुम्ही ते न वाचता क्लोज केलं तर लिनक्स रीसेट पाठवतं, आणि शेवटचं पान प्रिंटरच्या बफरमधूनच गायब होऊ शकतं. शेवटचं पान येत नाही अशी तक्रार आली की मी आधी हेच बघते.

प्रिंटरचा कागद संपला की काय होतं? तो वाचणं थांबवतो, त्याची टीसीपी विंडो (आणखी किती बाइट घेऊ शकतो तो आकडा) शून्यावर येते आणि आपला राइट अडकून बसतो. ही एरर नाहीये, त्याला अडकू द्या. इथे लोक तीस सेकंदांचा टाइमआउट लावतात, मग कनेक्शन तोडतात, जॉब परत पहिल्यापासून पाठवतात, आणि कुणीतरी कागद घातला की पहिली चौदा पानं परत बाहेर येतात. प्रिंटर जिवंत असेल तर कर्नल अधूनमधून प्रोब पाठवून विचारत असतो आणि त्याला उत्तर मिळतं. प्रिंटरची वायरच निघाली असेल तर प्रोबना उत्तर येत नाही आणि लिनक्सवर साधारण पंधरा ते तीस मिनिटांनी राइट स्वतःच एरर देतो. शेवटी नुसतं वाचत बसलोय त्या टप्प्यासाठी मात्र कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते विचारत राहणारी सोय) चालू करा.

अडकलाय हे माणसांना कळलं पाहिजे, ते वेगळं काम. एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमनने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सोय केली होती, की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना मेसेज जायचा. मग १९८० च्या आसपास झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला, त्याचा सोर्स मिळेना, आणि ही साधी सोय परत करता येईना. आपल्याकडे सोर्स आहे, तेव्हा राइट एका मिनिटापेक्षा जास्त अडकला की स्टेटसमध्ये एक ओळ लिहा. एलपीडीची ३ आणि ४ ही कमांड क्यूची अवस्था विचारायलाच आहे.

टेस्टिंगला प्रिंटर लागत नाही, कागदही नाही. नेटकॅट हे कनेक्शनचे बाइट जसेच्या तसे घेणारं टूल ९१०० वर ऐकत ठेवा आणि आउटपुट फाइलमध्ये घ्या. मग घेणाऱ्या प्रोसेसला किल मायनस नाइनने मारा, एफसिंकच्या आधी, नंतर, रिनेमच्या आधी, नंतर, आणि दरवेळी एकच तपासा: ज्याला शेवटचं शून्य मिळालं तो जॉब परत सुरू केल्यावर सापडला का. किलने वीज गेल्याची परीक्षा होत नाही बरं का, त्यासाठी व्हर्च्युअल मशीन घ्या आणि तिचा रीसेट दाबा.

शेवटी एकाने चांगला प्रश्न विचारला, की छापून झालं, पण स्पूलमधली फाइल डिलीट करायच्या आधीच डेमन मेला तर तोच जॉब दोनदा छापला जाईल, त्याचं काय. जाईल. ९१०० वर हे टाळता येत नाही, कारण प्रिंटर तुम्हाला "छापलं" असं कधी सांगतच नाही. आधी डिलीट केलंत तर हरवू शकतो, नंतर केलंत तर दोनदा येऊ शकतो, यातलं एक निवडायचं. मी दोनदा निवडते, कारण जास्तीचा कागद फाडता येतो. चेक किंवा मार्कशीट असेल तर तिसरी वाट: पाठवायला सुरुवात करताना फाइलला रिनेम करून "चालू" असं नाव द्या, आणि रीस्टार्टनंतर "चालू" सापडली तर आपणहून छापू नका, होल्डवर ठेवून माणसाला विचारा. खरं उत्तर हवं असेल तर तिथे आयपीपी लागतं. आधी क्रिएट-जॉब पाठवायचं, प्रिंटरने दिलेला जॉब-आयडी डिस्कवर लिहून एफसिंक करायचा, मगच सेंड-डॉक्युमेंट. रीस्टार्टनंतर त्या आयडीची जॉब-स्टेट विचारायची: ९ आली तर काम पूर्ण, फाइल डिलीट करा, ५ आली तर अजून चालू आहे, थांबा. आयडी लिहायच्या आधीच मेलात तर डॉक्युमेंट गेलेलंच नसतं, तो रिकामा जॉब वाट बघून प्रिंटर स्वतःच मिटवतो, आणि तुम्ही नव्याने सुरुवात करता.