दोन मूळ संख्यांच्या मधोमध

समजा, पडद्यावरील संख्यारेषेवर फक्त मूळ संख्या उजळलेल्या आहेत. आपले लक्ष मात्र त्यांच्यामधल्या अंधाऱ्या जागांकडे आहे. ३ पासून पुढे लागोपाठच्या दोन-दोन मूळ संख्यांची सरासरी काढत गेल्यास ४, ६, ९, १२, १५, १८, २१, २६, ३० अशी क्रमिका मिळते. तिच्यात एकही मूळ संख्या येऊ शकत नाही, कारण तशी ती आली असती, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या मूळ संख्या लागोपाठच्या राहिल्याच नसत्या. मूळ संख्या अनंत असल्याने ही क्रमिकाही संपत नाही.

११३ नंतरची मूळ संख्या एकदम १२७ आहे. या दरीच्या मध्यावर १२० उभी आहे आणि दोन्ही काठ तिच्यापासून ७ अंतरावर आहेत. ११ चा वर्ग १२१ हा मध्य अवघ्या एका घराने चुकवतो, तर ६४, ८१, १४४ आणि २२५ हे वर्ग आपापल्या दरीच्या नेमके मध्यावर बसतात.

आता अट थोडी कडक करू. दोन्ही शेजारी केवळ १ अंतरावर हवेत, असे म्हटले की जोडमूळ संख्यांचे, म्हणजे एकमेकींपासून २ अंतरावर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्यांचे मध्य उरतात: ४, ६, १२, १८, ३०, ४२, ६०, ७२. ४ सोडल्यास हे सारे ६ च्या पटीत आहेत, कारण लागोपाठच्या तीन संख्यांपैकी एकीला ३ ने भाग जातोच, आणि कडेच्या दोन मूळ असल्याने तो मान मधलीकडेच येतो. शिवाय ती समही असते. एवढी शिस्त असूनही ही क्रमिका अनंत आहे की नाही, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. २०१३ मध्ये गणितज्ञ यितांग झांग यांनी ७ कोटींहून कमी अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत असल्याचे सिद्ध केले. पुढे ही मर्यादा २४६ पर्यंत खाली आली. २ पर्यंतची वाट अजून बंद आहे.

मध्यावरची संख्या स्वतःच मूळ हवी असेल, तर तिची तुलना मागच्या आणि पुढच्या मूळ संख्यांशी करावी लागते. ५ नंतर अशी संख्या थेट ५३ आहे: मागे ४७, पुढे ५९. त्यानंतर १५७, १७३, २११ येतात. ५ वगळता हे अंतर नेहमी ६ च्या पटीत असते, अन्यथा तिघींपैकी एकीला २ किंवा ३ ने भाग गेला असता. २५७ आणि २६३ यांची गंमत वेगळीच आहे: २५१, २५७, २६३, २६९ या लागोपाठच्या चार मूळ संख्या सहा-सहाच्या अंतराने येतात, त्यामुळे मधल्या दोघी एकमेकींच्या शेजारी असूनही आपापल्या जागी मध्यावरच आहेत.