पेटीवरचे नाव

[दृश्य: वाशीचा फळबाजार, पहाट. ट्रकमधून उतरणाऱ्या आंब्याच्या पेट्या. पेट्यांवर रंगाने लिहिलेली नावे आणि गावे.]

हापूसच्या लाकडी पेटीवर बागायतदाराचे नाव, गाव किंवा मार्का रंगवण्याची पद्धत कोकणात जुनी आहे. देवगड, राजापूर, रत्नागिरी किंवा वेंगुर्ल्याहून संध्याकाळी निघालेला ट्रक पहाटे वाशीच्या बाजार आवारात पोहोचतो, आडत्याच्या गाळ्यावर पेट्या लागतात, भाव ठरतो आणि मग तो माल दोन-तीन हात बदलत शहरातल्या फळविक्रेत्यापर्यंत जातो. नाव मात्र पेटीबरोबर मागेच राहते. ज्याने वर्षभर कलमे राखली त्याला आंबा कोणी खाल्ला ते कळत नाही, आणि खाणाऱ्याला तो कोणाच्या बागेतला हे ठाऊक नसते. काही दिवसांनी बागायतदाराच्या हाती पट्टी येते. तिच्यावर पेट्यांची संख्या, मिळालेला भाव आणि त्यातून वजा झालेले भाडे व हमाली एवढा हिशेब असतो. त्या भावात त्याचा स्वतःचा शब्द कुठेही नसतो.

या व्यवस्थेला नुसती नावे ठेवणे सोपे आहे, पण ते पुरेसे प्रामाणिक होणार नाही. मोहोर फुटण्याआधीपासून औषधांच्या फवारण्या, राखणदारांचा पगार, काढणीची मजुरी आणि पेट्यांची खरेदी यांसाठी रोख पैसा लागतो, आणि लहान बागायतदाराला तो अनेकदा दलालाकडून मिळणाऱ्या उचलीतूनच उभा करावा लागतो. उचल घेतली की माल त्याच गाळ्यावर जाणार, हे ओघानेच आले. बँक जेव्हा कागदपत्रे मागते तेव्हा दलाल एका फोनवर पैसे पाठवतो, आणि या सोयीची किंमत नंतर पट्टीत दिसते. दीड-दोनशे कलमांच्या मालकाला पर्याय हवा असेल, तर त्याला नुसता दुसरा व्यापारी शोधून भागत नाही. त्याला ग्राहकच शोधावा लागतो.

[दृश्य: जुन्या चाळीचा जिना, दारात ठेवलेली, गवत बाहेर डोकावणारी पेटी.]

असा ग्राहक कोकणी माणसाला अगदीच अनोळखी नव्हता. गिरगाव, परळ, दादर किंवा डोंबिवलीत राहणारा चाकरमानी मे महिन्यात गावी जायचा आणि परतताना स्वतःसाठी एक पेटी आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांसाठी चार पेट्या घेऊन यायचा. त्या चार पेट्यांचा भाव बागायतदार स्वतः सांगत असे आणि सहकारी तो देत असत, कारण मध्ये चाकरमान्याचा शब्द असे. थेट विक्री म्हणून आज ज्या गोष्टीचे कौतुक होते, तिचे मूळ या ओळखीच्या व्यवहारात आहे. तिला मर्यादा होती ती एका माणसाच्या ओळखी किती आणि त्याला एसटीत किती ओझे नेता येईल, याची.

ही मर्यादा २०१६ नंतर झपाट्याने सैल झाली. त्या वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, त्यामुळे बाजार आवाराबाहेर माल विकण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनाने मोबाइल इंटरनेट इतके स्वस्त झाले, की वाडीतल्या माणसालाही बागेतला व्हिडिओ पाठवताना पैशांचा विचार करावा लागेना. २०१८ च्या जानेवारीत लहान व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळे ॲप आले. या चार गोष्टी कोणी आंब्यासाठी घडवून आणल्या नव्हत्या, परंतु वर्षातून तीनच महिने दुकान चालवणाऱ्या माणसाला त्या नेमक्या उपयोगी पडल्या: दुकानाचे भाडे नाही, पैसे आधी जमा होतात आणि माल दिसतो.

खरी कसोटी २०२० मध्ये लागली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा झाडांवर फळ तयार होत होते, आणि हापूस कोणासाठी थांबत नाही. वाशीचा बाजार अधूनमधून बंद राहिला. अशा वेळी मुंबई-पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांचे व्हॉट्सॲप गट हेच बाजारपेठ झाले. एखाद्या सभासदाने गावाकडच्या बागायतदाराचा क्रमांक गटात टाकायचा, कोणाला किती डझन हवेत याची यादी करायची, आणि तीस-चाळीस पेट्यांची मागणी जमली की थेट बागेतून निघालेला टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी उभा राहायचा. त्याच मे महिन्यात एसटी महामंडळाने मालवाहतूक सुरू केली आणि आरंभीच्या खेपेत रत्नागिरीहून बोरिवलीला आंब्याच्याच पेट्या गेल्या. त्या हंगामात अनेक बागायतदारांच्या फोनमध्ये शहरातल्या नव्या माणसांचे क्रमांक साठले, आणि टाळेबंदी उठल्यावरही ते पुसले गेले नाहीत.

[दृश्य: बाग, सकाळ. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासह उतरवलेला आंबा क्रेटमध्ये ठेवणारे हात. एक तरुण मोबाइलवर चित्रण करतो आहे.]

फोनमध्ये साठलेल्या या क्रमांकांच्या यादीचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करून एकाच वेळी २५६ जणांना संदेश पाठवता येतो, पण तो पोहोचतो फक्त त्यांनाच, ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला आहे. म्हणजे ग्राहकाने क्रमांक जतन करणे हीच त्याची संमती ठरते, आणि म्हणूनच जाणता बागायतदार पहिल्या पेटीसोबतच्या चिठ्ठीवर आपले नाव, गाव आणि क्रमांक ठळक छापतो. पेटीवरचे जे नाव बाजारात मागे राहत होते, ते अशा रीतीने ग्राहकाच्या फोनमध्ये जाऊन बसते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांचे काम वेगळे आहे; अनोळखी माणसाची पहिली भेट तिथे होते. दुसऱ्या वर्षीची मागणी मात्र बहुधा व्हॉट्सॲपवरच येते, आणि धंदा टिकतो तो त्या दुसऱ्या वर्षीच्या मागणीवर.

काय दाखवावे, हा प्रश्न नवशिक्याला पडतो. पिवळ्याधमक फोडींचे फोटो सगळेच टाकतात, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून कोणी थांबत नाही. लोक थांबतात ते मोहोर पाहायला, तुडतुड्यांनी काळवंडलेली पाने पाहायला, अवकाळी पावसानंतर झाडाखाली पडलेला कैऱ्यांचा सडा पाहायला. ज्याने फेब्रुवारीत बागेचे नुकसान पडद्यावर पाहिले आहे, तो एप्रिलमध्ये वाढलेल्या भावावरून वाद घालत नाही. जाहिरातीच्या शास्त्रात याला काहीही नाव असो, कोकणात माणसे हेच पूर्वी ओटीवर बसून पाहुण्याला सांगत असत.

याच माध्यमाने बागायतदाराला आणखी एक काम लावले आहे, ते म्हणजे शिकवण्याचे. चौदा आणे, म्हणजे पूर्ण पक्व होण्याच्या थोडा आधी, तयार झालेला हापूस हिरवा असतानाच काढतात, आणि पेंढ्याच्या अढीत तो साधारण आठ-दहा दिवसांनी पिकतो. पूर्वीच्या घरांत हे सांगावे लागत नसे. खाटेखाली अढी असे आणि रोज फळे चाळून पिकलेली वेगळी काढण्याचा मान घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे असे. सदनिकेत वाढलेल्या तरुण ग्राहकाला हिरवा आंबा आला की फसवणूक झाल्यासारखे वाटते, किंवा तो पेटी तशीच फ्रिजमध्ये ठेवतो आणि मग फळ धड पिकत नाही. त्यामुळे पेटी पोहोचण्याआधीच, ती उघडून हवेशीर जागी कशी ठेवावी, सुगंध सुटल्यावर आणखी किती थांबावे, हे सांगणारा दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवणारे बागायतदार तक्रारींपासून बरेच सुरक्षित राहतात. रासायनिक पिकवणीची शंकाही याच संवादात मिटते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण आपल्या घरातच अढीत पिकलेल्या फळाविषयी शंका घ्यायला जागाच उरत नाही.

साक्याचा प्रश्न इतका सरळ नाही. हापूसच्या गरात पांढरट, आंबूस भाग निर्माण होण्याचा हा दोष बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच कळतो. बाजारातून घेतलेल्या आंब्यात साका निघाला तर ग्राहक चरफडतो आणि विसरतो, पण थेट घेतलेल्या आंब्यात निघाला तर तो फोटो काढतो, आणि तो फोटो ज्या गटातून चाळीस पेट्यांची मागणी आली त्याच गटात येऊन पडतो. अशा वेळी खराब फळांच्या बदल्यात दुसरी फळे देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा निर्णय तासाभरात घ्यावा लागतो. बाजारात हे नुकसान तीन-चार जणांत वाटले जात होते, आता ते एकट्या बागायतदाराच्या अंगावर येते. थेट विक्रीतला जादा भाव हा निव्वळ नफा नाही. त्यात या जोखमीचे, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे, खासगी बसने पाठवलेल्या पार्सलचे आणि रात्री अकरापर्यंत फोनवर पत्ते लिहून घेणाऱ्या घरच्या माणसांच्या श्रमांचे मोल आहे. हे शेवटचे मोल हिशेबाच्या वहीत सहसा लिहिले जात नाही.

[दृश्य: फळावर चिकटवलेला शिक्का, जवळून.]

ज्या माध्यमाने खऱ्या बागायतदाराला ग्राहकापर्यंत नेले, त्यानेच खोट्यालाही नेले. दुसऱ्या राज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकण्याचा प्रकार रस्त्यावर आधीपासून होताच. समाजमाध्यमांवर त्याला दुसऱ्याच्या बागेचे चोरलेले फोटोही मिळाले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतल्या फळालाच ते नाव वापरण्याचा अधिकार आला. परंतु कायद्याने मिळालेला अधिकार फोनच्या पडद्यावर दिसत नाही. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात यावर एक उपाय आणला. बागेतील झाडांच्या संख्येचा विचार करून बागायतदारांना स्वतंत्र क्रमांक असलेले शिक्के द्यायचे, ते प्रत्येक फळावर लावायचे, आणि ग्राहकाने त्या शिक्क्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून खात्री करून घ्यायची, अशी ही योजना आहे. शिक्का एकदा काढला की पुन्हा वापरता येत नाही. चाकरमान्याच्या शब्दाने जे काम होत होते, ते अनोळखी माणसांच्या बाजारात एखाद्या संस्थेला असे करावे लागते, आणि एकट्या-दुकट्या बागायतदाराला ते परवडणारे नाही. समाजमाध्यमांमुळे प्रत्येक जण स्वतंत्र व्यापारी झाला असे म्हणतात, पण सहकाराची गरज त्यामुळे संपलेली नाही. उलट ती नव्या जागी उभी राहिली आहे.

मोठ्यांशी स्पर्धा करण्याच्या बाबतीतही थोडी सावधगिरी हवी. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीची जागा लिलावाने मिळते. एप्रिलमध्ये प्रत्येक जण आंबाच विकत असतो, भांडवलदार कंपन्याही त्याच लिलावात उतरतात, आणि ग्राहक मिळवण्याचा खर्च नेमका हंगामाच्या भरात चढतो. नुसत्या जाहिरातीवर अवलंबून राहणारा लहान बागायतदार इथे थकतो. दहा मिनिटांत घरपोच फळ देणाऱ्या ॲपशी वेगात बरोबरी करणेही त्याला शक्य नाही. त्याच्याकडे जे आहे ते कंपनीला सहज मिळत नाही: अमुक कातळावरची अमुक बाग, तिच्या मालकाचा आवाज, आणि "या आठवड्यात माल कमी आहे, पुढच्या सोमवारी पाठवतो" असे सांगितल्यावर थांबायला तयार असलेली दोनशे घरे.

ही घरे हंगाम संपल्यावरही उपयोगी पडतात. आंबापोळी, फणसपोळी, आमसुले, काजू, कुळथाचे पीठ हे जिन्नस घरातल्या बायका पूर्वीही करत होत्या, पण ते पाहुण्यांच्या पिशवीत फुकट जात. आता तीच यादी गणपतीत आणि दिवाळीत पुन्हा उघडते. परदेशी गेलेली मुले तिथूनच मागणी नोंदवतात आणि पुण्या-ठाण्यातल्या आईवडिलांच्या पत्त्यावर पेटी पाठवायला सांगतात. ताजा आंबा अमेरिकेला धाडायचा तर विकिरण प्रक्रियेपासून अनेक सोपस्कार लागतात, त्यामुळे ते काम निर्यातदाराचेच राहते. लहान बागायतदाराच्या वाट्याला परदेशी पत्ता येत नाही, तिथल्या मुलांच्या मनातली आठवण येते, आणि व्यवहार म्हणून तीही वाईट नाही.

[दृश्य: नोव्हेंबर. फवारणीची तयारी. ओटीवर उघडी वही, शेजारी मोबाइल.]

आजही अनेक बागांमधला मोठा हिस्सा वाशीलाच जातो, लहान आणि डागी फळ किलोच्या भावाने कॅनिंगला जाते, आणि निवडक मालच थेट विकला जातो. दलालालाही आता माहीत असते की बागायतदाराजवळ दुसरी वाट आहे, आणि दोघांमधल्या बोलण्यात तेवढा फरक पडतोच. काही बागायतदार तर एक पाऊल पुढे गेले आहेत. पाऊस सरल्यावर उचलीसाठी गाळ्यावर फोन करण्याऐवजी ते जुन्या ग्राहकांकडून पुढच्या हंगामाची आगाऊ नोंदणी घेतात आणि त्या पैशातून फवारणीचा पहिला खर्च भागवतात. मोहोर गळाला किंवा अवकाळी पाऊस झाला, तर दलाल आपली उचल पुढच्या वर्षाच्या पट्टीत वळती करून घेतो. ग्राहकाचे पैसे मात्र त्याच मे महिन्यात परत करावे लागतात. म्हणून सावध बागायतदार अपेक्षित पिकाच्या काही भागापुरतीच नोंदणी उघडतो आणि बाकीची थंडीत मोहोर डोळ्यांनी पाहिल्यावर.