मॅच झालं तरी काळजी का संपत नाही?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो, भावाबहिणीचं मॅच होतंय का? हे मॅचिंग एचएलए जीन्सचं, म्हणजे ज्यांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं ते जीन्स, ते असतात सहाव्या गुणसूत्रावर, एक संच आईकडून आलेला एक बाबांकडून, म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. रिपोर्ट जुळला की सगळ्यांना वाटतं, चला, सुटलो.

पण एचएलए सोडून बाकी कितीतरी जीन्स वेगळे असतातच ना. बहिणीच्या पेशी भावाला दिल्या तर त्याच्या वाय गुणसूत्रामुळे बनणारी प्रथिनं त्या पेशींना परकी वाटू शकतात आणि त्या भावाच्याच शरीरावर हल्ला करतात. यालाच जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज) म्हणतात. त्वचा, लिव्हर आणि आतडं, मारा मुख्यतः या तिघांवर. आतड्याचा त्रास फार वाईट, पाण्यासारखे जुलाब, आणि नर्स ते भांड्यात मोजून मिलीमध्ये लिहून ठेवतात कारण मोठ्या माणसाचं दिवसाला ५०० मिलीच्या वर गेलं की तीव्रतेचं ग्रेडिंग तिथून सुरू होतं.

आता यात आतड्यातल्या जिवाणूंचाही हात असतो, ते कसं कळलं? जंतूंशिवाय वाढवलेल्या उंदरांना हा त्रास कमी होतो हे १९७०च्या दशकातच दिसलं होतं. मग २०२० मध्ये न्यूयॉर्क, अमेरिकेतलंच डरहॅम, जर्मनीतलं रेगेन्सबर्ग आणि जपानमधलं साप्पोरो इथल्या १,३६२ पेशंटचे शौचाचे ८,७६७ नमुने तपासले गेले. खाणंपिणं एवढं वेगळं, तरी चारही ठिकाणी तेच, ट्रान्सप्लांटच्या काळात जिवाणूंची विविधता घटते आणि एखादीच जात माजते. ज्यांची विविधता टिकली त्यांच्यात मृत्यू कमी होते.

माजणाऱ्यांत एक ठळक नाव एन्टेरोकॉकस. त्याच्यावरचं २०१९ चं संशोधन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा जिवाणू दुधातल्या लॅक्टोजवर पोसतो, उंदरांच्या खाण्यातून लॅक्टोज काढलं तर तो कमी वाढला आणि जीव्हीएचडीही सौम्य झाला. आणि पेशंटमध्ये बघा, ज्यांच्या जीन्समुळे मोठेपणी लॅक्टोज नीट पचत नाही त्यांच्या आतड्यातून ॲन्टिबायोटिक्सनंतर हा एन्टेरोकॉकस लवकर हटेना!

म्हणजे इथे दात्याशी जुळण्याचा प्रश्नच नाही, पेशंटचा स्वतःचा एक जीन आणि त्याच्या पोटातला एक जिवाणू. ॲन्टिबायोटिक्स पोटातले चांगले जिवाणूही मारतात, पण ती बंद तर करता येत नाहीत, पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर असताना इन्फेक्शन जीव घेऊ शकतं, म्हणून कुठलं द्यायचं आणि किती दिवस यावर डॉक्टर आता जास्त विचार करतात. आणि दुधाचं म्हणाल तर लॅक्टोज काढून पाहिलंय ते उंदरांवर, त्यामुळे घरच्यांनी आपल्या मनाने पेशंटचं दूध बंद करू नका, आधी ट्रान्सप्लांट टीमला विचारा.