पंधरा नावांचा वाडगा

हा चांदीचा वाडगा १७६८ साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये घडला. रम, लिंबू, साखर घालून केलेलं 'पंच' यात भरायचं आणि बैठकीत सगळ्यांनी मिळून प्यायचं. कारागीर होता पॉल रिव्हिअर.

त्या काळी गिऱ्हाईक जुनी भांडी, परदेशी नाणी घेऊन यायचं. कारागीर ती वितळवायचा, ठोकून पत्रा काढायचा, पत्र्याला खोलगट आकार द्यायचा. ठोकता ठोकता चांदी ताठर होते, म्हणून पुन्हा पुन्हा तापवायची. कोरणी हातात यायची ती अगदी शेवटी. ठोकताना चुकलं तर सावरता येतं. कोरणी मात्र धातू काढूनच टाकते.

आणि रिव्हिअरने या वाडग्यावर नुसती वेलबुट्टी कोरली नाही. मजकूर कोरला.

ब्रिटिश सरकारने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींत चहा, काच, कागद, रंग यांवर कर लादले होते. बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहाने त्याविरुद्ध इतर वसाहतींना पत्र पाठवलं. लंडनहून हुकूम आला, पत्र मागे घ्या. ३० जून १७६८ रोजी मतदान झालं. १७ जण तयार झाले, ९२ जणांनी साफ नकार दिला. सत्तेवरच्या दुर्जनांच्या उद्दाम धमक्यांना न डगमगलेले म्हणून त्या ९२ जणांचा गौरव इथे वाचायला मिळतो.

दुसऱ्या बाजूला 'क्रमांक ४५'. ब्रिटिश खासदार जॉन विल्क्सने लंडनमध्ये आपल्या नियतकालिकाच्या ४५व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका केली आणि तो तुरुंगात गेला. म्हणून वाडग्याचं वजन ४५ औंस, आणि त्यात मावतं ४५ गिल (द्रव मोजण्याचं जुनं माप). जवळच फाडलेलं वॉरंट कोरलंय, नाव न घालता कुणालाही पकडण्याचं.

काठाभोवती पंधरा नावं आहेत, वाडगा करवून घेणाऱ्या 'सन्स ऑफ लिबर्टी' या ब्रिटिश धोरणांना विरोध करणाऱ्या गटाच्या सदस्यांची. सरकारला वेगळा पुरावा शोधावा लागला नसता! हे धाडस मला फार मोठं वाटतं. पण बोस्टनची रम ज्या काकवीपासून बनायची, ती कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या कष्टाची होती. त्यांच्या स्वातंत्र्याबद्दल इथे एक अक्षर नाही, हेही सांगायला हवं.

१९४९ साली बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने वर्गणी जमवून हा वाडगा घेतला. शाळकरी मुलांनीही पैसे दिले. जॉन सिंगल्टन कॉप्लीने १७६८ सालीच काढलेलं रिव्हिअरचं चित्रही तिथेच आहे. हातात चहाची किटली, टेबलावर कोरण्या. बोस्टनला गेलात तर दोन्ही पाहा, आणि वाडग्यावरचा मजकूर सावकाश वाचा.