मेंढपाळाने केव्हा थांबावे? युद्धकाळातील धर्मगुरू

नमस्कार. फेब्रुवारी 2014मध्ये सीरियातील होम्स शहराच्या वेढलेल्या जुन्या भागातून संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने सुमारे 1,400 लोकांना बाहेर काढण्यात आले. आतले अन्न संपत आले होते, औषधे नव्हती आणि अशी संधी पुन्हा मिळेल याची कोणालाच खात्री नव्हती. तरीही येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघाचे डच धर्मगुरू फादर फ्रान्स व्हान डर लुग्त निघाले नाहीत. 1966पासून सीरियात राहिलेल्या, 75 वर्षांच्या या फादरांचे कारण साधे होते: थोडे ख्रिस्ती लोक अजून आतच होते आणि त्यांच्यासाठी दुसरा धर्मगुरू उरला नव्हता. 7 एप्रिल रोजी मठाच्या आवारात एका बंदूकधाऱ्याने त्यांना गोळी घालून ठार केले. वेढा उठला तो त्यानंतर महिनाभराने.

अशा वागण्याला आपण लगेच शौर्य म्हणतो, आणि ते आहेच. पण धर्मगुरूने थांबावे की निघावे, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेने एकट्याच्या धाडसावर सोडलेला नाही. त्याचा विचार फार पूर्वी, तोही शत्रू दाराशी येऊन ठेपला असताना, झालेला आहे.

इ.स. 429च्या सुमारास व्हँडल या जर्मानिक लोकांच्या टोळ्या उत्तर आफ्रिकेत शिरल्या, तेव्हा होनोरातुस नावाच्या बिशपांनी तिथल्याच हिप्पो शहराचे बिशप संत ऑगस्टीन यांना हाच प्रश्न विचारला. त्यांच्यापुढची अडचण खरी होती. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की, एका गावात तुमचा छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा. आणि योहानाच्या शुभवर्तमानात तोच येशू, लांडगा दिसताच मेंढरे टाकून पळणाऱ्या मोलकऱ्याला दोष देतो. मग पाळावे कोणते वचन?

ऑगस्टीन यांनी उत्तर देताना आधी पाहिले ते लोकांकडे. शत्रू एकट्या धर्मगुरूच्या जिवावर उठला असेल आणि त्याच्यामागे मंडळीची सेवा करणारे दुसरे कोणी असतील, तर त्याने अवश्य निघून जावे; प्रेषित पौलालाही दिमिष्काच्या (दमास्कस शहराच्या) तटावरून पाटीत बसवून खाली सोडले होते. सगळे गावच सुरक्षित ठिकाणी निघाले असेल, तर धर्मगुरूनेही त्यांच्याबरोबर जावे. पण संकट सर्वांवर सारखेच आले असेल आणि काही लोकांना हलताच येत नसेल, तर ज्यांच्यावाचून त्यांचे अडेल त्यांनी त्यांना सोडून जाऊ नये. वेढ्याच्या दिवसांत लोक चर्चकडे धावतात, कोणी बाप्तिस्मा मागतो, कोणी पापक्षमा, कोणाला नुसता धीर हवा असतो. त्या वेळी तिथे कोणीच नसले तर काय होईल, हे त्यांनी फार कळकळीने लिहिले आहे. मला त्या पत्रातला आणखी एक सल्ला विशेष मोलाचा वाटतो. सगळेच धर्मगुरू एकदम मारले जाऊ नयेत म्हणून काहींनी जायला हवे असेल आणि कोणी जायचे यावर एकमत होत नसेल, तर चिठ्ठ्या टाकाव्यात, असे ते सुचवतात. आपणच अधिक मोलाचे आहोत, असे ठरवायला मग कोणालाही जागा उरत नाही. ऑगस्टीन स्वतः हिप्पोतच राहिले आणि शहराला वेढा पडलेला असतानाच 28 ऑगस्ट 430 रोजी वारले.

केवळ जागेवर असणे मात्र पुरेसे नाही. रवांडात 1994च्या वंशसंहारात न्यांगे येथील धर्मगुरू अथानाझ सेरोम्बा आपल्या धर्मग्रामातच होते; त्यांच्या चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या तुत्सी या संहार होत असलेल्या समाजाच्या सुमारे 1,500 लोकांवर बुलडोझरने इमारत पाडण्यात आली, आणि त्यातील सहभागाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2008मध्ये अपिलात त्यांना जन्मठेप दिली. ते थांबले होते, पण मेंढरांसाठी नव्हे. हे सांगताना जड जाते, तरी ते गाळून या विषयावर बोलणे प्रामाणिक होणार नाही.

आता गाझाकडे पाहू. तेथील होली फॅमिली या कॅथलिक चर्चच्या आवारात युद्ध सुरू झाल्यापासून शेकडो लोक राहत आले, आणि त्यांत वृद्ध होते तशीच मदर तेरेसांच्या संस्थेच्या धर्मभगिनी सांभाळत असलेली दिव्यांग माणसेही होती. 17 जुलै 2025 रोजी चर्चवर मारा झाला, तिघे मरण पावले आणि धर्मगुरू फादर गाब्रिएल रोमानेल्ली यांच्या पायाला इजा झाली. पुढे ऑगस्टमध्ये गाझा शहर रिकामे करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा जेरुसलेमच्या लॅटिन (म्हणजे रोमन कॅथलिक) आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठांनी संयुक्त निवेदन काढले. अशक्त आणि कुपोषित झालेल्या अनेकांसाठी दक्षिणेकडे निघणे म्हणजे मृत्युदंडच ठरेल, म्हणून धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांनी तेथेच राहून त्यांची काळजी घ्यायचे ठरवले आहे, असे त्यात म्हटले होते. आश्रितांना मात्र थांबण्याचा आदेश नव्हता. प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून निर्णय घ्यावा, असे त्याच निवेदनात लिहिले होते.