ज्यूंचे शरद ऋतूतले सण: देवाकडे जाणारी वाट माणसांतून

नमस्कार. ज्यू पंचांगातला तिश्री महिना साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो आणि त्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत रोश हशाना, योम किप्पूर आणि सुक्कोत हे तीन सण पाठोपाठ साजरे होतात. नववर्ष, प्रायश्चित्ताचा उपवास आणि मांडवांचा सण अशी त्यांची नेहमीची ओळख आहे. परंतु मला या तिन्हींना जोडणारा एक धागा फार मोलाचा वाटतो, तो असा की देवासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला हे सण पुन्हापुन्हा दुसऱ्या माणसाकडे वळवतात.

रोश हशानाच्या दिवशी शोफार, म्हणजे बहुधा मेंढ्याचे शिंग, फुंकले जाते. त्यात एक सलग लांब नाद असतो आणि काही तुटक नाद असतात. हे तुटक नाद नेमके कसे असावेत, याची चर्चा तल्मुदमध्ये, म्हणजे ज्यू आचार्यांच्या धर्मचर्चांच्या प्राचीन ग्रंथात, आहे आणि तिथे आधार घेतला आहे तो सिसराच्या आईच्या रडण्याचा. सिसरा हा इस्राएलवर चालून आलेला कनानी सेनापती. तो मारला गेला, आणि त्याची आई खिडकीशी उभी राहून त्याच्या रथाची वाट पाहत रडत होती, असे बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकात म्हटले आहे. ते रडणे कण्हण्यासारखे होते की हुंदक्यांसारखे, यावर आचार्यांचे एकमत झाले नाही, म्हणून आजही दोन्ही नाद फुंकले जातात. वर्षातल्या सर्वांत पवित्र नादांपैकी एक शत्रूच्या आईच्या शोकावरून ठरवावा, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

नववर्षापासून योम किप्पूरपर्यंतचे दहा दिवस पश्चात्तापाचे मानले जातात. या पश्चात्तापाचा नियम इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहामध्ये स्पष्ट सांगितला आहे: देवाविरुद्ध केलेल्या अपराधाचे प्रायश्चित्त योम किप्पूरला होते, परंतु माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाचे प्रायश्चित्त त्या माणसाची मनधरणी केल्याशिवाय होत नाही. म्हणजे सुमारे पंचवीस तासांचा निर्जळी उपवास आणि दिवसभराची प्रार्थना यांनीसुद्धा शेजाऱ्याचे मन दुखावल्याचा दोष फिटत नाही. त्यासाठी त्याच्या दारी जावे लागते, आणि उपवासापेक्षा ते पाऊल उचलणे अनेकांना अधिक जड जाते.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने हे सण मराठी नावांनी जपले. रोश हशाना हा त्यांचा नव्याचा सण. योम किप्पूरला ते पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून घेऊन उपवास करीत. दुसऱ्या दिवशी मात्र शिळा सण असे आणि त्या दिवशी गोरगरिबांना दान देण्याची, एकमेकांच्या भेटीला जाण्याची रीत होती. उपवास ज्या एकांतात घडला, त्याची सांगता अशी माणसांत होत असे.

योम किप्पूरचा उपवास सुटला की त्याच रात्री सुक्कोतच्या मांडवाचे काम सुरू करण्याची प्रथा आहे. सात दिवस ज्यात राहायचे किंवा निदान जेवायचे, तो हा मांडव मुद्दामच कच्चा असतो. त्यावर झावळ्या-फांद्यांचे छप्पर घालतात आणि त्यातून तारे दिसावेत असा संकेत आहे. इजिप्तमधून सुटल्यावर पूर्वजांनी वाळवंटात काढलेल्या दिवसांची ही आठवण. या सणात आनंद करण्याची धर्माज्ञाच आहे, पण बाराव्या शतकातील धर्मशास्त्रकार मायमोनिडीझ सणाच्या आनंदाविषयी बजावतात की जो अंगणाचे दार लावून फक्त आपल्या बायकामुलांबरोबर खातो-पितो आणि गरिबांना जेवू घालत नाही, त्याचा आनंद हा केवळ पोटाचा आनंद आहे.

सुक्कोतला चार वनस्पती एकत्र हाती धरतात. महाळुंगाच्या जातीच्या एत्रोग फळाला चव आणि सुगंध दोन्ही आहेत, खजुराला चव आहे, मर्टल या झुडपाला सुगंध आहे, आणि वाळुंजाच्या जातीच्या विलोला दोन्ही नाहीत. प्राचीन आचार्यांनी यांत माणसांचे चार प्रकार पाहिले: विद्या आणि सत्कर्म दोन्ही असलेले, दोहोंपैकी एकच असलेले, आणि दोन्ही नसलेले. यांपैकी कोणालाही टाकून न देता सर्वांना एकत्र बांधावे, म्हणजे ते एकमेकांचे उणे भरून काढतील, असे देव म्हणतो, अशी त्यांची मांडणी आहे. विलोची डहाळी हाती नसेल, तर हा विधी पूर्ण होत नाही.